नव्वद सेकंदांत बोला

मी रक्त काढते. घाटकोपरच्या एका खाजगी हॉस्पिटलात, तळमजल्यावरच्या कलेक्शन रूममध्ये, गेली बावीस वर्षं. सकाळी सातला आमचा काउंटर उघडतो, पण त्याच्या आधीपासूनच बाहेरच्या बाकड्यांवर उपाशीपोटी आलेली माणसं बसलेली असतात. चहा न मिळाल्यामुळे चिडलेली, सुईला घाबरलेली, रिपोर्टला त्याहून जास्त घाबरलेली. एकेकाला आत घ्यायचं, दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, ट्यूब भरायची, कापूस दाबून धरायला सांगायचं. मग पुढचा.

आणि मी बोलताना अडखळते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

लोक त्याला तोतरेपणा म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, कारण तो म्हणताना समोरचा माणूस हटकून हसतो. मला शब्द ठाऊक असतो, तो तोंडात आलेलाही असतो, पण ओठाशी येऊन अडतो. ‘न’, ‘म’ आणि ‘क’ ही माझी सगळ्यात वाईट अक्षरं. माझं स्वतःचं नाव त्यातल्याच एका अक्षरानं सुरू होतं, म्हणजे बघा. शाळेत नवीन बाई आल्या की प्रत्येकीनं उभं राहून आपलं नाव सांगायचं असायचं. माझी पाळी येईपर्यंत माझे तळवे ओले झालेले असायचे. घरी फक्त आई माझा शब्द पुरा होईपर्यंत थांबायची. ती मालवणकडची. हातातलं काम चालू ठेवून म्हणायची, "सावकाश बोल गो. खंय जावचा आसा?" म्हणजे, कुठे जायचंय, घाई कसली.

मोठी झाल्यावर मी आपली वाट शोधली. अवघड शब्द टाळायचा, त्याच्या जागी सोपा घालायचा. ‘नमस्कार’ऐवजी नुसते हात जोडायचे. कलेक्शन रूममध्ये तर फार बोलावंच लागत नाही. हात बोलतात. बावीस वर्षांत माझ्याबद्दल एका पेशंटनं तक्रार केली नाही. उलट ज्यांच्या शिरा सापडत नाहीत, ते माझ्या खुर्चीसाठी थांबून राहतात.

मागच्या वर्षी एका सोमवारी आमच्या डिपार्टमेंटच्या ग्रुपवर मेसेज आला. पेशंटसमोर काम करणाऱ्या सगळ्यांनी ‘रुग्णसंवाद’ नावाचा ऑनलाइन कोर्स पुरा करायचा. आठ धडे. प्रत्येक धड्याच्या शेवटी एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर स्वतःचा व्हिडिओ काढून पाठवायचं. वेळ नव्वद सेकंद. मराठी, हिंदी, इंग्रजी, कुठलीही भाषा चालेल. जे पास होणार नाहीत त्यांना आतल्या कामावर पाठवण्यात येईल.

आतलं काम म्हणजे तळघरातली खोली. तिथे वरून आलेल्या ट्यूब लावायच्या, बारकोड तपासायचे, मशीनमध्ये फिरवायला ठेवायच्या. काम वाईट नाही. पण तिथे माणूस दिसत नाही, नुसतं त्याचं रक्त येतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर काम करणारी माझी मैत्रीण मेसेज वाचून म्हणाली, "तुला बरंच की गं! आत बोलायचं टेन्शनच नाही."

ती मनापासून म्हणाली होती. म्हणून जास्त लागलं.

पहिला व्हिडिओ मी रविवारी दुपारी काढला. माझी मुलगी तेव्हा बारावीत होती. तिनं ओट्यावर पिठाचा डबा, त्यावर डाळीचा डबा ठेवून मोबाइल टेकवला, माझ्यामागची वाळत घातलेल्या टॉवेलांची रांग हटवली आणि म्हणाली, "आई, चेहरा गोलात ठेव. गोल हिरवा झाला की बोलायला लाग." खाली कंपाउंडमध्ये पोरांची क्रिकेट मॅच चालू होती, म्हणून आम्ही खिडकी लावून घेतली. पंखाही बंद केला.

स्क्रीनवर प्रश्न आला : ‘पहिल्यांदाच रक्त द्यायला आलेला पेशंट घाबरला आहे. तुम्ही त्याच्याशी कसे बोलाल?’

मला हसूच आलं. हा प्रश्न मला? मी म्हणणार होते की आधी त्याला सुईची बाजू दिसणार नाही असं बसवायचं. मग विचारायचं, कधी चक्कर आली होती का? आली असेल तर खुर्ची नको, बेडवर घ्यायचं. हात गार असेल तर तो आपल्या हातात धरून थोडा गरम करायचा. आणि "काही होत नाही" असं कधीच म्हणायचं नाही, कारण होतं, टोचतंच. "एकदा टोचेल, मग संपलं" असं खरं सांगायचं.

गोल हिरवा झाला. कोपऱ्यात आकडे उलटे पळू लागले. नव्वद, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी. एरवी माझ्यासमोर माणूस असतो, त्याच्या डोळ्यांकडे बघून मी शब्द बाहेर काढते. इथे समोर माझाच चेहरा, आणि त्याच्या डोक्यावर पळणारे आकडे. पहिल्याच शब्दाला अडले. जितकी घाई केली तितकी जास्त अडले. बेडपर्यंत पोचले आणि स्क्रीन काळी झाली. ‘धन्यवाद. आपले उत्तर जमा झाले.’

दोन मिनिटांत निकाल. गुण माणूस नाही, मशीन देतं. स्पष्टता तीन, गती दोन, आत्मविश्वास एक. सरासरी दोन. पास व्हायला दहापैकी सहा लागतात. खाली शेरा : ‘आपण घाबरलेले वाटता. घाबरू नका. बोलण्याआधी आरशासमोर सराव करा.’

आरशासमोर!

माझे वडील गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका कारखान्यात वॉचमन होते. मी पाचवीत असताना त्यांना कुणीतरी हाच उपाय सांगितला. रोज शाळेच्या आधी ते मला आरशासमोर उभं करायचे आणि ‘मी नीट बोलणार’ हे वाक्य शंभर वेळा म्हणायला लावायचे. तोंडात गोटी ठेवूनसुद्धा म्हणायला लावलं होतं. ते माझ्या भल्यासाठीच करत होते, त्यांच्यावर माझा आज राग नाही. पण दोन वर्षं मी रोज सकाळी स्वतःचा अडलेला जबडा बघत उभी राहिले, आणि त्यानं माझं एक अक्षर सुटलं नाही. सुटलं एवढंच, की मी वर्गात हात वर करायचं सोडलं. आता चव्वेचाळीसाव्या वर्षी एक ॲप मला पुन्हा त्याच आरशासमोर उभं राहायला सांगत होतं.

मी कोर्सवाल्यांना ईमेल लिहिला. साधा, सरळ. मला बोलताना अडखळायला होतं, हा आजार नाही, भीतीही नाही. मला उत्तराला जास्त वेळ द्यावा, किंवा लिहून उत्तर द्यायची सोय करावी. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : ‘आपली अडचण समजली. सर्वांना समान संधी मिळावी यासाठी वेळमर्यादा सर्वांसाठी समान ठेवण्यात आली आहे. शुभेच्छा.’

समान! आमच्या कलेक्शन रूममध्ये लहान मुलांसाठी बुटकी खुर्ची आहे. चक्कर येणाऱ्यांसाठी बेड आहे. व्हीलचेअरवरच्या माणसाला आम्ही उठवतच नाही, ट्रे घेऊन त्याच्याकडे जातो. सगळ्यांना समान वागवायचं म्हणून आम्ही तीन वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या खुर्चीवर पाय लोंबकळत बसवलं, तर त्याची आई आम्हाला सोडेल का? ही गोष्ट आमच्याकडच्या झाडूवाल्या बाईलाही कळते. ज्यांनी संवादावर अख्खा कोर्स बनवला त्यांना कळत नव्हती.

मी रागानं दोनदा पुन्हा प्रयत्न केला. एकदा दोन गुण, एकदा तीन. माझा नवरा आरेच्या रस्त्यानं जाणारी बस चालवतो. दिवसभर हॉर्न ऐकून आलेला असतो, त्याला घरात आवाज नको असतो. तो म्हणाला, "अगं सोड ना. पोरीला सांग, मधलं सगळं कापून टाकेल. पाठव आणि मोकळी हो."

मुलगी तर तयारच होती. "आई, पाच मिनिटांचं काम आहे. तू हवा तेवढा वेळ घेऊन बोल. मी गॅप काढून टाकते."

मग मी बोलले. पूर्ण उत्तर, माझ्या वेळानं, साडेतीन मिनिटं. तिनं मोबाइलवर बोट सरकवत सरकवत त्याचे तुकडे केले, अडलेले भाग फेकून दिले, उरलेले जोडले. ब्याऐंशी सेकंद झाले. तिनं व्हिडिओ लावून मोबाइल माझ्यापुढे धरला.

"झकास ना?"

मी बघत राहिले. माझाच चेहरा, माझीच निळी साडी, माझाच आवाज, आणि ती बाई धडाधड बोलत होती. कुठे थांबत नव्हती. ‘नमस्कार’ म्हणत होती! मला कसंतरीच झालं. पण मी म्हटलं, "छान आहे. पाठव."

नऊ गुण. शेरा : ‘उत्तम. आत्मविश्वासपूर्ण मांडणी.’

मुलीनं टाळी दिली. मी टाळी घेतली आणि भाजी चिरायला बसले. चिरता चिरता डोक्यात राग चढत गेला. शब्द तेच होते. सुई न दाखवणं, बेड, गरम हात, खरं सांगणं, सगळं तेच. मधल्या जागा तेवढ्या काढल्या, तर दोनाचे नऊ झाले. म्हणजे मी काय सांगते हे कुणी ऐकलंच नव्हतं. पेशंटशी बोलण्याची परीक्षा म्हणे!

तरी मी पुढचे चार व्हिडिओ तसेच पाठवले. इथे मी स्वतःला सोडत नाही. मला कलेक्शन रूम सोडायची नव्हती, म्हणून पाठवले. दर रविवारी मुलगी कापायची, मी पाठवायचे, आठ-नऊ गुण यायचे, आणि मी कुणाशी त्याबद्दल बोलायचे नाही.

एका बुधवारी दुपारी सगळ्या स्टाफला वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बोलावलं. ट्रेनिंगच्या मॅडम अंधेरीच्या मुख्य ऑफिसातून आल्या होत्या. तरुण, हसतमुख, भराभर बोलणाऱ्या. आमच्या शाखेत त्या पहिल्यांदाच येत होत्या, आम्हाला कुणाला ओळखत नव्हत्या. कोर्स कसा चाललाय हे सांगून झाल्यावर म्हणाल्या, "आता मी तुम्हाला एक आदर्श उत्तर दाखवते. तुमच्यातल्याच एकीचं आहे."

पडद्यावर मी आले. निळी साडी. "नमस्कार," मी म्हणाले, पंख्याएवढ्या मोठ्या तोंडानं.

हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. त्यातली निम्मी मला वीस वर्षं ओळखतात. मग मागून कुणीतरी फुसकन हसलं, आणि ते हसू दाबण्याचा आवाज दोन-तीन ठिकाणांहून आला. माझी मैत्रीण माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती. मॅडमना काही कळलं नाही. व्हिडिओ संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाल्या, "कोण आहेत या? या ना पुढे. दोन शब्द बोला. इतकं सहज कसं बोलता ते सांगा सगळ्यांना."

मी उठले. पुढे गेले. माझ्या हातात माइक आला.

मला ‘नाही’ असं म्हणता आलं असतं. घसा बसलाय म्हणता आलं असतं. पण मागचं ते फुसकन हसणं अजून कानात होतं, आणि त्याहून जास्त, ते ‘सहज’. मी तोंड उघडलं.

"हा व्हिडिओ क..."

शब्द अडला. मी थांबले नाही, दुसरा शब्द घातला नाही. तोच बाहेर काढायचा ठरवलं. माइकमुळे माझा अडलेला श्वास सगळ्या हॉलमध्ये ऐकू येत होता. मॅडमचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, फक्त डोळे बदलले होते.

"...कापलेला आहे. माझ्या मुलीनं कापलाय. मी अशी बोलते. आत्ता बोलतेय तशी."

मॅडम हळूच म्हणाल्या, "ठीक आहे, बसा तुम्ही, काही हरकत नाही."

"माझं झालं नाही," मी म्हटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी भरल्या हॉलपुढे बोलले. किती वेळ लागला माहीत नाही. न कापलेल्या पहिल्या उत्तराला दोन गुण, कापलेल्याला नऊ, हे सांगितलं. ईमेल केला होता, त्याला काय उत्तर आलं ते सांगितलं. मागे कुणी हसलं नाही. नीट ऐकून हसले नाहीत की नुसते ओशाळले होते, कोण जाणे. मी माइक टेबलावर ठेवला आणि जागेवर येऊन बसले.

घरी येऊन मुलीला सांगितलं तर तिचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्यामुळे झालं," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे काय? मीच पाठवले ना?"

तिनं मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आई, मला वाटलं तुला तसं बोलताना बघून बरं वाटेल. एकदा तरी."

"तुला बरं वाटलं का, मला तसं बघून?"

डोळे भरून आले तिचे. मी तिला जवळ घेतलं. माझी चिडचिड तिच्यावर नव्हती, पण ‘एकदा तरी’ हे मला खूप दिवस टोचत राहिलं. सतरा वर्षं या मुलीनं माझा आवाज ऐकला होता, अंगाईपासून ओरड्यापर्यंत. आणि तिलाही कुठेतरी वाटत होतं की खरी आई ती कापून जोडलेली असायला हवी होती. हे तिच्या डोक्यात कुणी घातलं? तिच्या शाळेनं, माझ्या नातेवाइकांनी, आणि सगळ्यात जास्त मीच. पालकसभेला नेहमी नवऱ्याला पाठवणारी मीच.

तीन दिवसांनी माझ्या हातात कागद आला. ‘मूल्यमापनात गैरप्रकार केल्याबद्दल खुलासा करावा. खुलासा येईपर्यंत आपली बदली अंतर्गत विभागात करण्यात येत आहे.’ गैरप्रकार म्हणे! मी तळघरात गेले, ट्यूब लावल्या आणि जेवणाच्या सुट्टीत खुलासा लिहायला बसले. लिहिताना मी अडखळत नाही. दोन पानं भरली. मी कबूल केलं की व्हिडिओ कापले. मग लिहिलं की आधी मी प्रामाणिक उत्तर पाठवलं होतं, ते तुम्ही नापास केलंत. मी मदत मागितली होती, ती तुम्ही नाकारलीत. ज्या परीक्षेत खोटं बोलल्यावर नऊ आणि खरं बोलल्यावर दोन गुण मिळतात, तिथे गैरप्रकार कुणी केला, याचाही खुलासा व्हावा.

तळघरात मी तेरा दिवस होते. सातव्या दिवशी वर गोंधळ झाला. आमच्याकडे एक कोळीण मावशी येतात. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालंय, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, म्हणून दर पंधरा दिवसांनी तपासणी. मासळी विकून, बर्फात हात घालून घालून त्यांच्या हातांची कातडी जाड झालीय. शीर बोटालाच लागते, डोळ्याला दिसत नाही. माझ्या जागी आलेल्या नव्या मुलीनं दोनदा टोचलं, रक्त आलं नाही. तिसऱ्यांदा मावशींनी हात ओढून घेतला.

"ती कमी बोलनारी बाय कुठं हाय? मना तीच पायजे. नायतर मी चालली."

माझी मैत्रीण मला बोलवायला खाली आली. मी वर गेले. नियमात बसत नव्हतं, पण गेले. मावशींचा हात कोमट पाण्याच्या पिशवीवर ठेवला, थांबले, बोटानं चाचपलं, एका टोचण्यात काम झालं. मावशींनी विचारलं, "तुला खाली कशाला टाकली?" मी म्हटलं, "मला नीट बोलता येत नाही म्हणून."

मावशी मासळी बाजारात बोलतात त्या आवाजात बोलल्या. काय बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. अख्ख्या वेटिंग रूमनं ऐकलं.

पुढच्या आठवड्यात ट्रेनिंगच्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. माझा खुलासा त्यांच्यापुढे होता. त्यांनी आधी माफी मागितली, हॉलमधल्या प्रकाराबद्दल. ती मला खरी वाटली. मग म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला व्हिडिओमधून सूट देतोय. बाकीचे द्यायची गरज नाही. सर्टिफिकेटवर ‘विशेष बाब’ असं लिहून देऊ."

"मला सूट नको," मी म्हटलं. "मला वेळ हवाय."

"सिस्टिममध्ये ती सोय नाही हो."

"मग तुम्ही एक सकाळ खाली येऊन बसा. मी पेशंटशी कशी बोलते ते बघा आणि तुम्हीच गुण द्या."

त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आल्या. शुक्रवारी सातच्या आधी हजर, कोपऱ्यात स्टूल घेऊन बसल्या. त्या सकाळपुरतं मला वर घेतलं होतं. एक जिममध्ये कमावलेला, धिप्पाड माणूस आला. खुर्चीत बसला आणि सुई बघून पांढराफटक पडला. मी त्याला बेडवर घेतलं. ‘मोठा श्वास घ्या’ म्हणणार होते, तर ‘मोठा’वरच अडले. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, शब्दाची वाट बघत. तेवढ्यात माझं काम झालं होतं. "झालं पण?" तो म्हणाला.

तो गेल्यावर मॅडम उत्साहानं म्हणाल्या, "अहो, हे तर तुमचं खास टेक्निक आहे! हे आपण कोर्समध्ये घालू या."

मला इतका संताप आला की हातातला कापूस मी डब्यात फेकला. "ते टेक्निक नाही, मॅडम. मी अशी बोलते. एवढंच." आधी दोष होता, आता लगेच कला झाली. त्यांच्या डोक्यात या दोन्हींच्या मधे नुसतं बोलणं नावाची जागाच नव्हती. त्या वरमल्या. पण दहा वाजेपर्यंत बसून राहिल्या, आणि नंतरचा सगळा वेळ त्यांनी काही लिहून घेतलं नाही, नुसतं बघितलं. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते.

सोमवारपासून मी पुन्हा वर. त्याच संध्याकाळी कोर्सवाल्यांकडून एका माणसाचा फोन आला. म्हणाला, तुमच्या खात्यावर आता पाच मिनिटांची वेळ लावली आहे.

मी विचारलं, "ही सोय नवीन केली का?"

"नाही मॅडम. सेटिंग पहिल्यापासून आहे. एक टिक करायची असते. आतापर्यंत कुणी मागितलं नव्हतं."

"मी मागितलं होतं," मी म्हटलं. दुसऱ्या शब्दावर बराच वेळ गेला. तो फोनवर थांबला, हे खरं. मग पुन्हा तेच म्हणाला, टिक आता केलीय.

एक टिक! त्यासाठी मी पाच रविवार माझा आवाज कापून घेतला, भर हॉलमध्ये उभी राहिले, तेरा दिवस तळघरात काढले, आणि एका आजारी बाईला दोनदा विनाकारण टोचून घ्यावं लागलं. मशीनवर माझा राग तेवढा नाही. मशीनला जे शिकवलं तेच ते करणार. राग त्या माणसावर आहे, ज्यानं माझा ईमेल वाचला, ‘शुभेच्छा’ लिहिलं आणि ती टिक केली नाही. तो कोण ते मला कधी कळणार नाही.

जुने पाचही व्हिडिओ काढून टाका असं मी लेखी मागितलं आणि आठही उत्तरं नव्यानं दिली. आता मुलगी फक्त मोबाइल टेकवून द्यायची आणि बाहेर जाऊन बसायची. एकदा दाराआडून म्हणाली, "आई, पंखा चालू ठेव. घामाघूम होतेस." कुठलंच उत्तर पाच मिनिटांच्या वर गेलं नाही. मशीननं तरीही आत्मविश्वासाला दोन-तीनच गुण दिले. मग मॅडमनी स्वतः बसून आठही ऐकली आणि पास केलं. आठवा प्रश्न होता, ‘या कोर्समधून तुम्ही काय शिकलात?’ त्याला मी पाचही मिनिटं वापरली.

सर्टिफिकेट कपाटात कुठल्यातरी फायलीत आहे. त्यानंतर आमच्या हॉस्पिटलातल्या आणखी तिघांनी जास्त वेळ मागून घेतला. एक एक्स-रेमधला, त्याला एका कानानं कमी ऐकू येतं. एक आयाबाई, तिला प्रश्न वाचायलाच वेळ लागतो. आणि तिसरा आमचा रिसेप्शनवाला. तो अजिबात अडखळत नाही. त्याला नव्वद सेकंदांत संपेल इतकं थोडं बोलताच येत नाही.